हवेचे खोरे आणि काउंटीच्या सीमा: लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा प्रशासकीय इतिहास

पाण्याच्या कारभारात खोरे ही कल्पना जुनी आहे. वरच्या अंगाला बंधारा घातला की खालच्या अंगाच्या शेतातला पाट आटतो, हे उघड्या डोळ्यांना दिसते. त्यामुळे कृष्णेसारख्या नदीचा हिशेब एका जिल्ह्यापुरता किंवा एका राज्यापुरता मांडून भागत नाही, हे लवाद नेमला जाण्याच्या पुष्कळ आधीपासून काठावरच्या माणसाला ठाऊक असते. हवेलाही असेच खोरे असते. डोंगरांची कड, समुद्रावरून येणारा वारा आणि वातावरणाचे थर यांमुळे एखादा प्रदेश असा बंदिस्त होतो, की त्याच्या एका टोकाला सोडलेला धूर दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो, पण त्या प्रदेशाबाहेर सहजासहजी पडत नाही. या खोऱ्याचा काठ मात्र पायाखाली येत नाही आणि महसुली नकाशावरही दिसत नाही, म्हणून शासनसंस्थांनी ते ओळखायला फार वेळ घेतला. दक्षिण कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस परिसरात हे ओळखणे १९४३ ते १९७७ अशी ३४ वर्षे चालले होते, आणि त्या काळात नगरपालिकेची, मग काउंटीची व शेवटी चार काउंट्यांची सीमा ओलांडत कारभार हवेच्या खोऱ्यापर्यंत पोचला. या इतिहासाचे वर्णन शासनसंस्थांच्या सहकार्याचा इतिहास असे केले जाते आणि ते खोटे नाही. परंतु ते सहकार्य सद्भावनेतून क्वचितच उगवले. प्रत्येक टप्प्यावर आधीची सीमा अपुरी पडल्याचे अनुभवाने सिद्ध व्हावे लागले, ज्यांच्याकडे धूर वाहत जात होता त्यांना भांडावे लागले, आणि अखेरीस वरच्या सत्तेने बाहेर राहण्याची मुभाच काढून घेतली.

या प्रदेशाची रचना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. पश्चिमेला व दक्षिणेला प्रशांत महासागर, उत्तरेला सॅन गॅब्रिएल पर्वत, पूर्वेला सॅन बर्नार्डिनो व सॅन जॅसिंटो हे पर्वत, आणि मध्ये उताराचे मैदान अशी ही परात आहे. एरवी जमिनीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते आणि खालची उबदार हवा धूर घेऊन वर चढते. परंतु येथे उन्हाळ्यात समुद्रावरची गार हवा तळाशी पसरते आणि तिच्यावर वरून खाली दबत आलेल्या उष्ण हवेचा थर बसतो. या स्थितीला तापमान विपरीतता म्हणतात, आणि ती परातीवर ठेवलेल्या झाकणासारखे काम करते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहणारा वारा ही झाकलेली हवा पूर्वेला ढकलतो व ती डोंगरांच्या पायथ्याशी साचते. ऑक्टोबर १५४२ मध्ये स्पेनच्या वतीने या किनाऱ्यावर आलेला दर्यावर्दी हुआन रोद्रिगेस काब्रियो याने येथील एका उपसागराला धुरांचा उपसागर असे नाव दिले होते. तो उपसागर सॅन पेद्रोचा की सांता मोनिकाचा याविषयी अभ्यासकांत एकमत नसले, तरी मूळ रहिवाशांच्या आगींचा धूरही येथे रेंगाळत असे, एवढे त्या नावावरून दिसते.

या परातीवर प्रशासनाच्या ज्या रेघा ओढल्या गेल्या, त्यांचा तिच्या आकाराशी काही संबंध नव्हता. काउंटी हा अमेरिकेतील राज्याखालचा प्रशासकीय विभाग असून लोकनियुक्त पर्यवेक्षकांचे मंडळ त्याचा कारभार पाहते. महाराष्ट्रातील जिल्हा व जिल्हा परिषद यांच्याशी त्याची ढोबळ तुलना करता येते. लॉस एंजेलिस काउंटीत १९४०च्या दशकात लॉस एंजेलिस शहरासह ४५ स्वतंत्र शहरे होती, आणि प्रत्येकाची स्वतःची नगरपरिषद व स्वतःचे उपनियम होते. काउंटीच्या मंडळाने केलेला नियम या शहरांच्या हद्दीत लागू होत नसे; तो शहरांबाहेरच्या, काउंटीच्या थेट अमलाखालील भागापुरताच चाले. म्हणजे एका शहराने आपल्या हद्दीत काळा धूर सोडण्यास बंदी केली, तरी रस्त्यापलीकडच्या शहरातील भट्टीचा धूर त्याच्या घरांत येतच राही, आणि त्याविरुद्ध त्याच्याकडे कायद्याचा इलाज नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे कारखाने, तेलशुद्धीकरण, जहाजबांधणी व विमाननिर्मिती यांची झपाट्याने वाढ झाली. जुलै १९४३ मध्ये एके दिवशी शहराच्या मध्यभागी तपकिरी रंगाचे असे दाट पटल उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले आणि थोड्या अंतरावरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. या पटलाला स्मॉग हा शब्द लावला गेला. धूर व धुके या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून झालेला हा शब्द १९०५च्या सुमारास लंडनच्या कोळशाच्या धुरासाठी रूढ झाला होता, आणि मराठीत त्याच रीतीने धुरके हा शब्द झाला आहे. लोकांचा संशय आलिसो मार्गावरच्या एका कारखान्यावर गेला. युद्धामुळे आशियातून येणारे नैसर्गिक रबर बंद झाले होते, म्हणून कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन हे रसायन तेथे तयार होत असे, आणि त्याचा उग्र वास आसपास पसरे. लोकांच्या दडपणामुळे तो कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला व त्यात सुधारणाही झाल्या, पण धुरके हटले नाही. एकच आरोपी शोधून त्याला शिक्षा केली की प्रश्न मिटेल, ही समजूत येथे पहिल्यांदा खोटी ठरली. पुढील १५ वर्षांत ती आणखी दोनदा खोटी ठरायची होती.

१९४५ मध्ये शहराने व काउंटीने आपापले धूरविरोधी नियम केले, आणि काउंटीने इतर शहरांनाही तसेच नियम करण्याची विनंती केली. काहींनी ती मानली, काहींनी मानली नाही. ज्यांच्या हद्दीत मोठे कारखाने होते व ज्यांचे कराचे उत्पन्न त्यांच्यावर अवलंबून होते, त्यांना घाई असण्याचे कारण नव्हते. स्वेच्छेवर उभ्या असलेल्या सहकार्याची ही मर्यादा दोनच वर्षांत उघड झाली. १९४६ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राने सेंट लुइस शहरातून रेमंड टकर यांना पाचारण केले. अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेल्या टकर यांनी सेंट लुइसमधील कोळशाचा धूर आटोक्यात आणण्याचे काम केले होते, आणि पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. १९४७च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने अनेक प्रकारच्या उगमांकडे एकाच वेळी बोट दाखवले आणि संपूर्ण काउंटीवर अधिकार चालवणारी एकच यंत्रणा हवी, असे सांगितले.

तशी यंत्रणा उभी करायची तर राज्याचा कायदा हवा होता. काउंटीचे विधी सल्लागार हॅरल्ड केनेडी यांनी मसुदा तयार केला. तेलकंपन्या, रेल्वे आणि लाकूड व्यवसाय यांच्याकडून प्रारंभी विरोध झाला. तो विरोध निवळण्यात विल्यम जेफर्स यांचा वाटा होता. एका बड्या रेल्वे कंपनीचे ते निवृत्त अध्यक्ष होते, नागरिकांच्या धुरके समितीचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते, आणि युद्धकाळात देशाच्या ज्या कृत्रिम रबर कार्यक्रमातून आलिसो मार्गावरचा तो कारखाना उभा राहिला, त्या कार्यक्रमाचे संचालकपदही त्यांनीच भूषवले होते. १० जून १९४७ रोजी गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. या कायद्याने प्रत्येक काउंटीत हवा प्रदूषण नियंत्रण डिस्ट्रिक्ट स्थापन करण्याची सोय झाली. येथे डिस्ट्रिक्ट याचा अर्थ महसुली जिल्हा असा नसून एका ठरावीक कामासाठी कायद्याने उभी केलेली, स्वतः नियम करणारी, परवाने देणारी आणि दंडाची कारवाई करणारी संस्था असा आहे. काउंटीच्या मंडळाने ठराव केला की ही संस्था अस्तित्वात येई आणि तिचे नियम त्या काउंटीतील सर्व शहरांवर बंधनकारक होत. ऑक्टोबर १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीची संस्था स्थापन झाली. अमेरिकेतील अशा प्रकारची ती पहिली संस्था होती. सीमेचा पहिला विस्तार असा झाला, आणि त्यात ४५ शहरांचा नकाराचा अधिकार गेला.

पहिले संचालक लुईस मॅकेब हे केंद्र सरकारच्या खाणविभागातून आले होते आणि कोळसा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनी तेलशुद्धीकरण कारखान्यांतील गंधक-डायऑक्साइड, ओतशाळांचा धूर आणि उघड्यावरच्या उकिरड्यांना लावल्या जाणाऱ्या आगी यांच्यावर निर्बंध आणले. कोणतेही धूर सोडणारे यंत्र बसवण्यापूर्वी व चालवण्यापूर्वी परवाना घेण्याची पद्धत सुरू झाली. धूळ व गंधक खरोखरच घटले, परंतु डोळ्यांची चुरचुर कमी झाली नाही. लंडन, पिट्सबर्ग व सेंट लुइस येथील धूर कोळशाचा होता, तो हिवाळ्यात वाढे आणि पाहताच काळा दिसे. लॉस एंजेलिसचे धुरके ऐन उन्हाळ्यात, स्वच्छ सूर्यप्रकाशाच्या दिवशी वाढत असे. दुसऱ्या शहरांचा अनुभव येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नव्हता.

या कोड्याचा उलगडा पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. तेथील डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित हे अननसाचा सुगंध कोणत्या द्रव्यांनी बनतो याचा अभ्यास करीत होते, आणि हवेत अत्यल्प प्रमाणात असलेली द्रव्ये गोठवून पकडण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. तेच तंत्र वापरून त्यांनी पॅसाडीनाची हवा अतिथंड नळ्यांमधून खेचली, तेव्हा तळाशी तपकिरी रंगाच्या उग्र वासाच्या द्रवाचे काही थेंब जमले. त्या थेंबांच्या पृथक्करणातून आणि पुढच्या प्रयोगांतून त्यांनी दाखवले की पेट्रोलच्या वाफांतील हायड्रोकार्बन आणि ज्वलनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात. या प्रक्रियेला प्रकाशरासायनिक प्रक्रिया म्हणतात, आणि १९५२ मध्ये त्यांनी ती सविस्तर मांडली. ओझोन मोजण्याची त्यांची एक पद्धत फार साधी होती. रबराची पट्टी वाकवून ताणून हवेत ठेवायची आणि तिच्यावर पहिल्या चिरा उमटायला किती वेळ लागतो ते पाहायचे. धुरक्याच्या दिवशी ताणलेल्या बाजूवर काही मिनिटांतच बारीक आडव्या भेगा पडत. या परिसरात मोटारींचे टायर इतर ठिकाणांपेक्षा लवकर तडकतात, ही आधीपासूनची तक्रार होतीच. तेलउद्योगाने पैसा पुरवलेल्या संशोधकांनी काही वर्षे हा सिद्धांत नाकारला, पण पुढील प्रयोगांत तो टिकून राहिला.

या शोधाचा प्रशासकीय अर्थ त्याच्या रासायनिक अर्थाइतकाच दूरगामी होता. धुरके कोणत्याही धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडत नाही. ते वाटेत तयार होते, आणि त्यासाठी काही तास ऊन व प्रवास लागतो. सकाळी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आणि किनाऱ्याजवळच्या तेलकारखान्यांत जी द्रव्ये हवेत मिसळत, ती दुपारपर्यंत पूर्वेकडच्या सॅन बर्नार्डिनो व रिव्हरसाइड या काउंट्यांत ओझोन होऊन पोचत. ज्याच्या हद्दीत अपराध घडतो आणि ज्याच्या हद्दीत इजा होते, ते दोघे आता वेगवेगळ्या काउंट्यांचे रहिवासी ठरत होते. पुरावा शेतात आधीच दिसू लागला होता. रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रात काम करणारे जॉन मिडलटन यांनी १९४४पासून पालक, बीट व सॅलडच्या भाज्या यांच्या पानांवर पडणाऱ्या चंदेरी-तपकिरी डागांची नोंद ठेवली होती. पानाच्या खालच्या बाजूला कल्हई केल्यासारखी चमक येई आणि भाजी बाजारात नेण्याच्या लायकीची राहत नसे. पुढे सॅन बर्नार्डिनो पर्वतावरील पाइनची झाडे पिवळी पडू लागली, तेव्हा आधी अज्ञात रोग म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या विकाराचे कारणही ओझोनच निघाले.

दरम्यान काउंटीच्या संस्थेने एका घरगुती सवयीला हात घातला. या परिसरात ओला कचरा पालिका उचलून नेई, पण कागद, पालापाचोळा व सुका कचरा घरमालक मागील दारच्या सिमेंटच्या किंवा विटांच्या छोट्या भट्टीत जाळून टाकीत. अशा लक्षावधी भट्ट्या रोज पेटत. १ ऑक्टोबर १९५७पासून त्यांच्यावर बंदी आली. मात्र बंदी घालणारी संस्था कचरा उचलत नव्हती, आणि कचरा उचलणाऱ्या नगरपालिकांना त्यासाठी नव्या गाड्या, नवे मजूर व नव्या भरावभूमी उभ्या कराव्या लागल्या. नियम एका संस्थेचा आणि खर्च दुसऱ्या संस्थेचा, ही सहकार्यातली नेहमीची अडचण येथे स्वच्छ दिसते. त्याची राजकीय किंमतही वसूल झाली: कचरा वेगवेगळा करून ठेवण्याच्या सक्तीविरुद्ध प्रचार करून सॅम यॉर्टी हे १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या महापौरपदावर निवडून आले.

भट्ट्या विझल्या, तरी धुरके राहिले, कारण त्याचा मुख्य उगम आता रस्त्यांवर होता. काउंटीचे एक पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३पासून डिट्रॉइटच्या मोटारकंपन्यांच्या अध्यक्षांशी पत्रव्यवहार चालवला होता. मोटारीतून निघणारे वायू हवेत लवकर विरून जातात आणि त्यांचा उपद्रव होत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना एका कंपनीकडून मिळाले. मोटार एका राज्यात बनते, दुसऱ्या राज्यात विकली जाते आणि रोज अनेक शहरांच्या हद्दी ओलांडते, त्यामुळे तिच्यावर काउंटीचा नियम चालण्यासारखा नव्हता. म्हणून राज्याने १९६० मध्ये मोटार प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमले, आणि १९६३च्या मॉडेलपासून इंजिनाच्या तळपेटीतील वायू परत इंजिनात वळवणारी जोडणी आवश्यक केली. १९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत मलफर्ड-कॅरेल कायद्याने हे मंडळ व राज्याचे इतर हवाविषयक काम एकत्र करून एअर रिसोर्सेस बोर्ड हे मंडळ स्थापन झाले, आणि हागेन-स्मित त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने इतर राज्यांना मोटारींसाठी स्वतंत्र निकष ठरवण्याची मनाई केली. कॅलिफोर्नियाला मात्र अधिक कडक निकषांसाठी सवलत मागण्याची मुभा ठेवली. मलफर्ड-कॅरेल कायद्याची या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद वेगळीच होती: राज्याची विभागणी भूरचना व हवामान पाहून हवेच्या खोऱ्यांत करावी, असे तिने सांगितले. काउंटीच्या सीमेऐवजी डोंगरांच्या कडेने आखलेला नकाशा प्रथमच शासकीय कागदावर आला.

नकाशा आला, पण त्यावर राज्य करणारे कोणी नव्हते. ऑरेंज काउंटीने १९५० मध्ये, तर रिव्हरसाइड व सॅन बर्नार्डिनो यांनी पुढे त्याच दशकात आपापल्या स्वतंत्र नियंत्रण संस्था काढल्या होत्या. उत्तरेकडे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या काउंट्यांसाठी विधिमंडळाने १९५५ मध्येच एक सामाईक संस्था निर्माण केली. दक्षिणेत तसे घडले नाही, कारण येथे दोन्ही बाजूंच्या मनात भीती होती. लॉस एंजेलिसचे नियम देशात सर्वांत कडक समजले जात व त्याची यंत्रणा मोठी आणि अनुभवी होती. विलीन झाल्यास शेजाऱ्यांच्या सोयीसाठी ते नियम सैल होतील, अशी तेथील अधिकाऱ्यांना शंका होती. उलट पूर्वेकडील काउंट्यांना वाटे की एकदा मंडळ एक झाले की लोकसंख्येच्या बळावर लॉस एंजेलिस त्यांच्या उद्योगांवर मर्जी चालवेल. त्या काउंट्या केवळ सोसणाऱ्या होत्या, असेही नाही. सॅन बर्नार्डिनो काउंटीतील फॉन्टॅना येथे १९४२ मध्ये सुरू झालेला मोठा पोलाद कारखाना कोळशापासून कोक तयार करीत असे, आणि त्याच्यावर हजारो कुटुंबांची रोजीरोटी चालत असल्याने तेथील मंडळाचा हात आखडता राही. दुसऱ्याच्या धुराबद्दल तक्रार आणि आपल्या धुराबद्दल मौन, अशी ही परस्परांची स्थिती होती.

ही कोंडी फुटली ती वाऱ्याच्या वाटेवरच्या शहरांमुळे. १९७०च्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याने देशभरासाठी हवेचे निकष ठरवून प्रत्येक राज्याला ते गाठण्याचा आराखडा सादर करण्यास भाग पाडले, आणि त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. कॅलिफोर्नियाच्या आराखड्यात या खोऱ्यातील वाहतुकीसाठी पुरेशी तरतूद नव्हती, आणि केंद्रीय संस्थाही मुदत वाढवून देण्याच्या बेतात होती. तेव्हा १९७२ मध्ये रिव्हरसाइड शहराने आणि त्याच्या बरोबरीने सॅन बर्नार्डिनो शहराने केंद्रीय संस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने आराखडा तयार करण्याचा आदेश दिला, आणि जानेवारी १९७३ मध्ये संस्थेचे प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांना लॉस एंजेलिसमध्ये जाहीर करावे लागले की कायद्याचे निकष गाठायचे असतील, तर धुरक्याच्या महिन्यांत पेट्रोलचे रेशनिंग करून वाहतूक ८० टक्क्यांहून अधिक घटवावी लागेल. हा प्रस्ताव अमलात येणार नाही हे सर्वांनाच दिसत होते आणि तो पुढे मागेही घेण्यात आला. परंतु चार काउंट्यांनी स्वतः काही केले नाही, तर निर्णय दूरच्या राजधानीत होतील, ही जाणीव त्याने करून दिली. १९७४ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीतील अपलँड येथे ओझोनचे प्रमाण हवेच्या दर दशलक्ष भागांत ०.५० भाग या धोक्याच्या तिसऱ्या व सर्वांत गंभीर पातळीच्या वर गेले. खोऱ्यातील सर्वांत वाईट हवा लॉस एंजेलिसच्या हद्दीबाहेर होती.

१९७५ मध्ये चारही काउंट्यांनी संयुक्त अधिकारांचा करार करून एक सामाईक संस्था बनवली. अशा करारात प्रत्येक घटक आपले अधिकार स्वखुशीने एकत्र आणतो, आणि तितक्याच स्वखुशीने तो बाहेरही पडू शकतो. १९४५ मधील शहरांचा अनुभव येथे काउंट्यांच्या पातळीवर पुन्हा उभा राहण्याची शक्यता होती. म्हणून पूर्वेकडील मतदारसंघातून निवडून आलेले विधानसभा सदस्य जेरी लुईस यांनी विधेयक आणले, आणि १९७६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. लुईस रिपब्लिकन पक्षाचे व ब्राउन डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. १ फेब्रुवारी १९७७ रोजी साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट ही संस्था अस्तित्वात आली. ऑरेंज काउंटी संपूर्ण आणि उरलेल्या तीन काउंट्यांचे वाळवंटी भाग वगळून बाकीचे क्षेत्र, असे तिचे मुख्य खोरे ठरले. आता त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार कोणत्याही काउंटीला उरला नाही.

या संस्थेची घडण पाहिली की जुन्या भीतींची उत्तरे तिच्यात कशी गुंफली गेली ते कळते. तिच्या सध्याच्या १३ सदस्यांच्या मंडळात १० सदस्य काउंट्यांचे व शहरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात आणि ३ राज्यपातळीवरून नेमलेले असतात. त्यामुळे लोकसंख्या मोठी असली तरी लॉस एंजेलिसला एकट्याच्या बळावर निर्णय लादता येत नाही. अधिकारांचीही वाटणी झाली. कारखाने, वीजकेंद्रे, रंगकामाच्या कार्यशाळा अशा एका जागी असलेल्या उगमांचे नियमन ही संस्था करते, मोटारींचे व इंधनाचे निकष राज्याचे मंडळ ठरवते, आणि विमाने, रेल्वे इंजिने व समुद्रगामी जहाजे यांचा विषय मुख्यतः केंद्राकडे राहतो. या सर्वांची बेरीज जेथे मांडली जाते तो दस्तऐवज म्हणजे हवा गुणवत्ता व्यवस्थापन आराखडा. त्यातील रस्ते, वस्ती व प्रवास यांविषयीचे अंदाज दक्षिण कॅलिफोर्नियातील स्थानिक शासनसंस्थांचा संघ पुरवतो. १९८९च्या आराखड्याने शंभराहून अधिक उपाय सुचवले, आणि घराच्या अंगणात कोळसा पेटवताना वापरल्या जाणाऱ्या द्रवापर्यंत नियम पोचले. त्याची तेव्हा बरीच थट्टा झाली. पण मोठे उगम आवरल्यावर उरलेल्या लहान उगमांची बेरीज मोठी होते, हे मागील दारच्या भट्ट्यांनी आधीच शिकवले होते.

परिणाम आकड्यांत दिसतो. ओझोनचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ०.२० भागांवर गेले की पहिल्या पातळीचा इशारा दिला जाई आणि शाळांतील मैदानी खेळ थांबवले जात. असे इशारे १९७७ मध्ये १२१ दिवशी द्यावे लागले, तर १९९६ मध्ये ते ७ वर आले. या काळात लोकसंख्या व वाहने दोन्ही वाढत होती, हे लक्षात घेतले की घट अधिक मोठी ठरते. श्रेय एकट्या प्रादेशिक संस्थेचे नाही. मोटारीच्या धुरातील वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक उपकरण राज्याच्या व केंद्राच्या निकषांमुळे आले आणि त्याचा वाटा फार मोठा आहे. ओझोनचे केंद्रीय निकष मात्र या खोऱ्याने अजून गाठलेले नाहीत, कारण विज्ञान पुढे सरकले तसे निकष कडक होत गेले, आणि धुराचे उगमही बदलले. लॉस एंजेलिस व लाँग बीच या जुळ्या बंदरांत येणारी जहाजे आणि तेथून माल वाहून नेणारे डिझेल ट्रक हा नवा प्रश्न झाला. दोन्ही बंदरांनी २००६ मध्ये प्रादेशिक, राज्य व केंद्रीय संस्थांशी विचारविनिमय करून सामाईक स्वच्छ हवा कृती आराखडा स्वीकारला. त्या ट्रकांची पुढची मुक्कामाची जागा म्हणजे सॅन बर्नार्डिनो व रिव्हरसाइड येथील प्रचंड गोदामे. १९४०च्या दशकात जेथे पालकाच्या पानांवर डाग पडत, त्याच पट्ट्यात आता वाऱ्याबरोबर येणाऱ्या ओझोनमध्ये डिझेलच्या धुराची भर पडते. ट्रकच्या इंजिनावर प्रादेशिक संस्थेचा अधिकार चालत नाही, म्हणून मे २०२१ मध्ये तिने एक लाख चौरस फुटांवरील गोदामांना, तेथे येणाऱ्या ट्रकांच्या प्रमाणात प्रदूषण घटवण्याचे उपाय करण्याचे बंधन घातले. अशा गोदामांना अप्रत्यक्ष उगम म्हणतात, कारण धूर त्यांचा नसतो, पण त्यांच्यामुळे तो तेथे येतो.

साउथ कोस्ट संस्थेचे मुख्यालय १९९०च्या दशकापासून डायमंड बार या गावी आहे. हे गाव लॉस एंजेलिस काउंटीच्या पूर्व टोकाला, ऑरेंज व सॅन बर्नार्डिनो या काउंट्यांच्या हद्दींना लागून आहे, आणि रिव्हरसाइडची हद्दही तेथून फार दूर नाही. चार काउंट्यांच्या भांडणातून जन्मलेल्या संस्थेला ही जागा शोभते. त्याच गावात दोन महामार्ग एकमेकांना मिळतात, आणि बंदराकडून गोदामांकडे जाणारे ट्रक संस्थेच्या दारावरून रात्रंदिवस पूर्वेकडे जातात. त्यांच्या इंजिनाचे निकष ठरतात ते राज्याच्या राजधानीत सॅक्रामेंटोला आणि देशाच्या राजधानीत वॉशिंग्टनला.